संशय कुणावर? रहस्यकथेतील कलाटणीविषयी

रहस्यकथा वाचून संपली की वाचकाच्या तोंडून दोनपैकी एक उद्गार निघतो. 'हे कसे शक्य आहे?' हा पहिला, आणि 'अरे, हे आपल्या लक्षात कसे आले नाही?' हा दुसरा. पहिल्या उद्गारात लेखकाविषयीची तक्रार असते. दुसऱ्या उद्गारात वाचक स्वतःचीच झडती घेत असतो. मागची पाने उलटून कुठे चकलो ते पाहतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याने धडपड करायची ती या दुसऱ्या उद्गारासाठी.

ओमानमध्ये राहून मराठीत लिहू पाहणाऱ्या आपल्या मंडळींत अलीकडे रहस्यकथेचे आकर्षण वाढले आहे. शुक्रवारची वंदना आटोपून चहा झाला की कुणीतरी नव्या कथेची कल्पना सांगते आणि ऐकणारे शेवट ओळखण्याच्या मागे लागतात. बहुतेक वेळा शेवट ओळखला जातो. तो का ओळखला जातो आणि न ओळखता येणारा, तरीही पटणारा शेवट कसा घडवला जातो, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत. हा विचार करताना एक गोष्ट आम्हांला सतत जाणवत राहिली. रहस्यकथेचा संशय कुणावर पडतो, हा प्रश्न तंत्राचा आहेच. पण तो समाजाच्या मनोवृत्तीचाही आहे.

मराठी वाचकाची जुनी ओढ

मराठीला रहस्यकथेचे वावडे कधीच नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू हे नायक भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून घरोघरी पोहोचले. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढच्या पिढीला रात्री जागवले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ यांची वेगळी वाट रुळवली. 'नवल' आणि 'धनंजय' या अंकांची वाट पाहणारे वाचक आजही आहेत. ज्यांनी कादंबरी हा शब्द उच्चारण्याआधी रहस्यकथा हातात घेतली, अशी माणसे आपल्या वस्त्यांतही पुष्कळ होती. वाचनाची सवय लावण्याचे श्रेय या स्वस्त, पिवळ्या पानांच्या पुस्तकांना दिलेच पाहिजे.

मात्र या परंपरेत वेगावर भर अधिक होता. पाठलाग, वेषांतर आणि नायकाचे धाडस यांवर कथा पळत असे. वाचकाच्या हाती सर्व दुवे देऊनही त्याला चकवायचे, हा खेळ तुलनेने कमी खेळला गेला. तो खेळ पाहायचा तर आपल्याला फार मागे जावे लागते. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्याचा एक उत्तम नमुना जातककथांमध्ये आहे.

वाराणसीच्या उद्यानातील हार

महासार जातक हे जातकसंग्रहातील 92 वे जातक. वाराणसीचा राजा राण्यांसह उद्यानात जातो. राण्या दागिने उतरवून दासींच्या स्वाधीन करतात आणि पुष्करिणीत उतरतात. दागिन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या दासीला डुलकी लागते आणि मोत्यांचा मौल्यवान हार नाहीसा होतो. जागी झालेली दासी घाबरून ओरडते की एक माणूस हार घेऊन पळाला. पहारेकरी धावतात. कर भरायला आलेला एक गरीब खेडूत तो गोंगाट ऐकून भीतीने पळू लागतो आणि पकडला जातो. पळाला म्हणजे चोर, एवढा पुरावा पुरेसा ठरतो.

खेडूत विचार करतो की नाही म्हटले तर मार खाऊन मरू. तो गुन्हा कबूल करतो आणि हार श्रेष्ठीला दिला असे सांगतो. श्रेष्ठी पुरोहिताचे नाव घेतो, पुरोहित गायकाचे, गायक एका गणिकेचे. संध्याकाळपर्यंत पाच जण कोठडीत बसतात, पण हाराचा पत्ता नसतो. अमात्य असलेला बोधिसत्त्व प्रकरण स्वतःकडे घेतो. रात्री त्या पाचांना एकत्र ठेवून त्यांचे बोलणे ऐकण्याची तो व्यवस्था करतो. कोठडीत सगळे एकमेकांना विचारू लागतात की तू मला हार दिलास तरी कधी, आणि प्रत्येकाचे खरे बाहेर येते. सर्वांनी केवळ जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेतलेले असते.

आता बोधिसत्त्वाचा तर्क पाहा. उद्यानाच्या दारांवर कडक पहारा होता. बाहेरचा माणूस आत आलेला नाही, आतला बाहेर गेलेला नाही. मग हार उद्यानातच आहे. आणि उद्यानात माणसांखेरीज कोण आहे? माकडे. तो मण्यांच्या माळा करवून माकडिणींच्या गळ्यात घालतो. माळा मिरवणाऱ्या मैत्रिणी पाहून हार चोरणाऱ्या माकडिणीला राहवत नाही. झाडाच्या ढोलीत लपवलेला मोत्यांचा हार काढून ती गळ्यात घालते आणि चोरी उघडकीस येते.

रहस्यकथेच्या शिल्पाची सगळी अंगे येथे आहेत. बंदिस्त जागा आहे. खोटी साक्ष आहे आणि ती देणाऱ्या दासीला तसे कारणही आहे. कबुलीजबाब आहे, पण तो खोटा आहे. आणि उत्तर पहिल्यापासून वाचकाच्या डोळ्यांसमोर आहे, कारण उद्यान म्हटले की झाडे आली आणि झाडांवर माकडे आली. 1841 साली एडगर ॲलन पो याने 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहिली. आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ बहुधा तिथून मानला जातो. त्या कथेतही पोलीस एका निरपराध कारकुनाला पकडतात आणि खरा कर्ता ओरांगउटान निघतो. दोन्ही कथांनी वाचकाची एकच सवय हेरली आहे. गुन्हा म्हटला की आपण माणूस शोधू लागतो, आणि माणूस शोधू लागलो की सर्वांत दुबळा माणूस आपल्या हाती आधी लागतो.

वाचकाचा पूर्वग्रह हे लेखकाचे साहित्य

कलाटणी कशाची बनते, याचे उत्तर येथे मिळते. ती लपवलेल्या माहितीची बनत नाही. माहिती लपवली की वाचक पहिला उद्गार काढतो. कलाटणी वाचकाच्या गृहीतकाची बनते. वाचकाने जे कुणी न सांगता मानून घेतले, त्यावर लेखक शांतपणे घर बांधतो आणि शेवटी पाया दाखवतो.

आमच्यापैकी अनेकांचा दिवस संगणकाच्या आज्ञावलीतील दोष शोधण्यात जातो. त्या कामाचा अनुभव असा की दोष सहसा आपण तपासतो त्या ओळीत नसतो. 'हे बरोबर असणारच' म्हणून जी ओळ आपण वगळतो, तिथे तो बसलेला असतो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण जाणतो. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नये. रहस्यकथेतील उत्तम गुप्तहेर नकळत याच कसोटीने चालतो, आणि वाचक ती विसरतो म्हणून फसतो.

1911 साली प्रसिद्ध झालेल्या, 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राऊन' या संग्रहातील चेस्टरटनची 'द इनव्हिजिबल मॅन' ही कथा येथे आठवते. शंभर वर्षे उलटलेल्या या कथेचा शेवट सांगायला आता हरकत नसावी. एका इमारतीच्या दारावर चार जण नजर ठेवून आहेत. आत कुणीही गेले नाही, असे चौघेही शपथेवर सांगतात. तरीही आत खून होतो आणि प्रेतही नाहीसे होते. खुनी पोस्टमन असतो. तो सर्वांच्या देखत आत गेला आणि पोत्यातून प्रेत घेऊन बाहेर पडला. चौघांनी त्याला पाहिले, पण 'कुणी आले का' या प्रश्नाच्या उत्तरात त्याला मोजले नाही. रोज येणारा कामगार त्यांच्या लेखी 'कुणी' नव्हताच.

ही कलाटणी आम्हांला विशेष बोचते, कारण माणूस समोर असूनही न दिसणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहे. त्यांचे काम दिसत असे, ते दिसत नसत. येथे मस्कतमध्ये इमारतीचा जिना पुसणारा, कचऱ्याच्या पिशव्या नेणारा, उन्हात गाड्या धुणारा कामगार आपल्या रोजच्या दृष्टीच्या कक्षेत असतो. त्याचे नाव आपल्याला माहीत असते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

जन्माने संशयित

वाचकाचा पूर्वग्रह वापरणे आणि त्याला खतपाणी घालणे यांत फरक आहे. एकोणिसशे वीसच्या दशकात रहस्यकथेचे नियम लिहिण्याची लाट आली होती. 1928 मध्ये अमेरिकी लेखक एस. एस. व्हॅन डाइन याने वीस नियम सांगितले. घरच्या नोकराला गुन्हेगार करू नये, हा त्यांतला एक. नियम योग्य होता, पण त्यामागचे कारण वर्गाच्या घमेंडीचे होते. नोकर हे फार सोपे उत्तर झाले, गुन्हेगार कुणी तोलामोलाचा हवा, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम मांडले. कथेत चिनी माणूस नको, असा त्यांचा पाचवा नियम वाचताना प्रथम धक्का बसतो. त्या काळच्या स्वस्त कथांत चिनी पात्र आले की खलनायक तोच, हे ठरलेले असे. त्या घिसापिट्या चालीलाच नॉक्स कंटाळले होते.

आपल्याकडे तर हे केवळ कथेपुरते उरले नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. 1911 मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात काटेरी कुंपणाआडच्या वसाहतीत माणसे डांबली गेली आणि हजेरी देत जगली. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती या कायद्यातून मुक्त झाल्या, पण संशय तसाच राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते वाचल्यावर पोलिसांचा छापा घराच्या आतून कसा दिसतो, हे मराठी वाचकाला कळले. ज्या कथांमध्ये गुप्तहेर एखाद्या वस्तीत शिरतो आणि तिथल्या माणसांच्या केवळ चेहऱ्यांवरून त्याला काही उमगते, त्या कथा 'उचल्या' वाचलेल्या वाचकाला पुन्हा तशा वाचता येत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे की दुबळ्यावर संशय जाऊ द्यायला हरकत नाही. जगात तो जातोच, आणि कथेने जग दाखवायचे असते. पण तो संशय खरा ठरवून कथा संपली, तर कलाटणी झालीच नाही. वाचक जे मानून आला होता, तेच घेऊन घरी गेला.

ओमानच्या मातीतील एक गूढ

आपण ज्या देशात राहतो, तिथल्या साहित्यातही या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जोखा अल-हार्थी या ओमानी लेखिकेच्या 'सय्यिदात अल-कमर' या अरबी कादंबरीच्या मॅरिलिन बूथ यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला 2019 साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती काही रहस्यकथा नव्हे. पण अब्दुल्ला या पात्राच्या आईचा मृत्यू कसा झाला, हे गूढ तिच्यात सतत वावरते. लोक म्हणतात की तिने सब्जाचे झुडूप उपटले आणि जिन्न कोपले. घरातील अर्धवट वाक्ये मात्र दुसरेच काही सुचवत राहतात. अब्दुल्लाला वाढवणारी जरीफा ही गुलामीत जन्मलेली स्त्री. ओमानमध्ये गुलामगिरी 1970 मध्ये संपुष्टात आली, हे ध्यानात घेतले की तिचे बोलणे आणि न बोलणे या दोहोंचा अर्थ पालटतो. घरातील सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाला घराविषयी सर्वांत अधिक ठाऊक असते. रहस्यकथा लिहिणाऱ्याने हे सूत्र मनात जपून ठेवावे.

एका कलाटणीची बांधणी

आता प्रत्यक्ष बांधणी पाहू. समजा, कथा अल खुवैरमधील एका इमारतीत घडते. चौथ्या मजल्यावर मराठी कुटुंब राहते. शुक्रवारी त्यांच्याकडे मुलाचा वाढदिवस होतो. शनिवारी सकाळी इमारतीचा बांगलादेशी सफाई कामगार कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जातो. दुपारी गृहिणी कपाट उघडते, तर सोन्याच्या पाटल्या नाहीत. कामगार दोन दिवस तिची नजर टाळतो. तिला पाहून जिन्याने खाली जातो. शेजारी पोलिसांत तक्रार करायला सुचवतात. एका तक्रारीने त्या माणसाची नोकरी जाईल आणि त्याला मायदेशी पाठवले जाईल, हे सर्वांना ठाऊक आहे.

शेवट असा आहे. पतीची नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली आहे. तो रोज सकाळी डबा घेऊन निघतो, काही वेळ नोकरीच्या शोधात फिरतो आणि उरलेला दिवस तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून काढतो. घरभाडे भरण्यासाठी त्यानेच पाटल्या रुवीतील सोनाराला विकल्या आहेत. कामगाराने हे सारे रोज पाहिले आहे. त्याने ते कुणालाही सांगितलेले नाही.

लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी हा शेवट पक्का केलेला असावा. मग मागे जाऊन दुवे पेरावेत आणि प्रत्येक दुव्याला दोन अर्थ असावेत. हल्ली डबा स्वच्छ धुतलेला परत येतो. पत्नीला वाटते, नवरा समजूतदार झाला. भांड्यांच्या घासण्यांच्या पाकिटातील एक घासणी कमी आहे. तिला वाटते, मुलाने खेळायला नेली. पार्किंगमधील नळाचा उल्लेख कामगार बादली भरतो म्हणून येतो. कामगार नजर टाळतो. वाचकाला तो अपराधी वाटतो. शेवट कळल्यावर यातले एकही वाक्य खोटे ठरत नाही, फक्त त्याचा अर्थ पालटतो. डबा पार्किंगच्या नळावर धुतला जात होता. घासणी त्या नळाजवळ सापडते. आणि कामगाराची खाली गेलेली नजर दुसऱ्याची लाज राखण्यासाठी होती.

दुवा कुठे ठेवावा, यालाही महत्त्व आहे. परिच्छेदाचा आरंभ आणि शेवट वाचकाच्या लक्षात राहतो. म्हणून घासणी बाजारहाटाच्या यादीच्या मध्ये टाकावी. दुव्यानंतर लगेच काही मोठे घडावे, दाराची घंटा वाजावी किंवा भांडण पेटावे, म्हणजे मन तिकडे ओढले जाईल. दृष्टिकोन पत्नीचा ठेवावा. तिला जे ठाऊक नाही ते कथेने सांगण्याचे बंधन नाही, पण तिने पाहिलेले काहीही कथेने दडवू नये. पतीच्या मनात शिरायचे आणि नेमकी नोकरीची गोष्ट गाळायची, ही लबाडी होईल. अगाथा ख्रिस्तीच्या 1926 मधील 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबरीवर अशा लबाडीचा आरोप झाला होता. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तिचे गुपित आम्ही फोडत नाही. वाचून झाल्यावर ती दुसऱ्यांदा वाचावी आणि लेखिकेने खरोखर काही दडवले होते का, याचा निवाडा स्वतः करावा.

कलाटणी किती मोठी असावी, हाही प्रश्न विचारला जातो. आमच्या मते एक पुरे. कलाटण्यांची माळ लावली की वाचक कशावरच विश्वास ठेवीनासा होतो, आणि विश्वासच उरला नाही तर फसणार कोण? शिवाय चोर कोण हे कळल्यावर कथेतला खरा प्रश्न पुढे आला पाहिजे. आपल्या कथेत तो पत्नीच्या तोंडी येतो. पाटल्या कुठे गेल्या, हे ती विचारत नाही. दोन महिने मला का सांगितले नाहीस, असे ती विचारते. परदेशात संसार करणाऱ्या कुणालाही तो प्रश्न परका वाटणार नाही.

निर्दोषाचे काय झाले?

महासार जातकाची एक वर्तमानकथा आहे. कोसलराज पसेनदीचा मुकुटमणी हरवतो आणि राजवाड्यातील प्रत्येक माणसाला त्रास सुरू होतो. भिक्षू आनंद मध्यस्थी करतात. आधी ते संशयितांना गवताच्या पेंढ्या वा मातीचे गोळे देऊन पहाटे ठरलेल्या जागी आणून टाकायला सांगतात, म्हणजे चोराला त्यांत मणी लपवून परत करता येईल. तीन दिवस उपयोग होत नाही. मग पडद्याआड पाण्याचा मोठा रांजण ठेवून प्रत्येकाने एकेकट्याने आत जाऊन हात धुवावेत, अशी युक्ती ते काढतात. मणी रांजणात सापडतो. चोर कोण हे कुणालाच कळत नाही आणि एकाही निरपराधाच्या अंगावर फटका पडत नाही. गुप्तहेरकथेच्या हिशेबाने हा शेवट अपुरा आहे. आनंदांचा हिशेब मात्र वेगळा होता. मणी मिळावा आणि माणसांचा छळ थांबावा, एवढेच त्यांना हवे होते.

रहस्यकथेत चोराचे नाव सांगावे लागते, हे खरे. पण आनंदांच्या त्या काळजीतला थोडासा अंश आपल्या कथांत उतरायला हवा. बहुतेक कथा गुन्हेगार सापडताच संपतात. ज्याच्यावर शंभर पाने खोटा संशय होता, तो माणूस शेवटच्या पानावर कुठेच नसतो. त्याची क्षमा कुणी मागितली का? त्याची नोकरी टिकली का? ज्या शेजाऱ्यांनी तक्रारीचा आग्रह धरला, ते दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर त्याच्याशी काय बोलले? अल खुवैरच्या आपल्या कथेत पत्नीने तळमजल्यावर उतरून त्या कामगाराला त्याचे नाव विचारावे, आणि ते नाव वाचकाला तिथेच प्रथम कळावे. तोवर ते आपल्यालाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट वाचकाच्या ध्यानात येईल, आणि कथेतला शेवटचा धक्का बहुधा तोच असेल.

आपल्या मंडळींतून रहस्यकथा लिहिल्या जाव्यात, अशी आमची मनापासून इच्छा आहे. आखातातील आयुष्य गुपितांनी भरलेले आहे. घरी पाठवलेल्या पैशांची गुपिते, गावी न सांगितलेल्या आजारपणाची, आडनाव विचारणाऱ्याला दिलेल्या अर्ध्या उत्तराची. यातील प्रत्येकात एक कथा आहे. ती लिहिताना संशय कुणावर टाकतो आहोत आणि का, एवढे प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे. उत्तर प्रामाणिक असेल, तर कलाटणी आपोआप सापडेल.

जय भीम! नमो बुद्धाय!